गर्दी होईल हो, पण कॉमिक खपेल का?

पुण्यात मोठं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिकवाल्यांची जत्रा, चालेल का, हा वाद आमच्याकडे दिवाळीपासून चालू आहे. आमच्याकडे म्हणजे नारायण पेठेतल्या माझ्या छापखान्यात, कटिंग मशीनशेजारच्या बाकावर. वाद घालणारी मंडळी म्हणजे माझी भाची सई, तिचे चित्रकलेच्या कॉलेजातले दोस्त, आणि आयटीतला एक मुलगा. हा रात्री जागून कॉमिक काढतो आणि सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये झोप पुरी करतो. मी मधूनमधून तोंड घालतो, कारण जागा माझी आणि चहाही माझाच.

पोरांचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. "मामा, दिल्लीत होतं, मुंबईत होतं, बंगळुरात होतं, हैदराबादेत होतं. मग आपण काय पाप केलंय?" तशी ती गाडी पुण्यात आलीच नाही असं नाही, येऊन गेली आहे. पण पोरांना हवंय ते निराळं. ज्याच्यासाठी नाशिक-कोल्हापूरची मुलं महिनाभर आधी रेल्वेचं तिकीट काढतील, असं दणदणीत काहीतरी. आपल्याकडे या प्रकाराची सुरुवात २०११ साली दिल्ली हाटमध्ये झाली. जतिन वर्मा नावाच्या माणसाने केली, आणि २०२४ मध्ये त्याची कंपनी नॉडविन गेमिंगने विकत घेतली. कॉमिकची जत्रा गेमिंगवाल्यांनी घ्यावी, यातच अर्धी गोष्ट आली.

मी कॉमिकमधला जाणकार नाही. लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचला, चांदोबा वाचला, त्यानंतर थेट पावतीपुस्तकं छापायला बसलो. पण छापखानेवाल्याला एक गोष्ट आपोआप कळते. लोक तोंडाने काय म्हणतात ते सोडा, ऑर्डर कसली देतात ते बघा. कुठल्याही कॉनच्या आधी पंधरा दिवस ही चित्रकार मंडळी माझ्याकडे येतात. दोनशे स्टिकरशीट. ए-थ्रीच्या शंभर प्रिंट, मॅट लॅमिनेशन करून. बुकमार्क, पोस्टकार्डं, बिल्ल्यांसाठी गोल कापलेली चित्रं. हे सगळं लिहून झालं की जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि काका, कॉमिकच्या पन्नास."

पन्नास! ज्याच्या नावाने जत्रा भरते त्या देवाला पन्नास, आणि बाकी सगळा खेळण्यांचा बाजार.

सईबरोबर मीही एकदा मुंबईच्या कॉनला गेलो होतो, खोकी उचलायला. मुंबईचं हे कॉन गोरेगावच्या नेस्कोत व्हायचं, नंतर बीकेसीतल्या जिओ वर्ल्डमध्ये गेलं. सकाळची गाडी धरून दादरला उतरलो आणि टॅक्सीत खोकी कोंबली. गर्दी बघून मात्र थक्क झालो. आवडत्या पात्रांची सोंगं घेतलेली पोरं, पुठ्ठ्याच्या तलवारी, फोमची चिलखतं, कुणाचे निळे केस, कुणाची जांभळी भुवई. एक मुलगा पाठीवर स्वतःच्या दुप्पट लांबीचे पंख घेऊन स्वच्छतागृहाच्या दारात अडकला होता आणि मागची रांग त्याला सल्ले देत होती. सगळं मोठं गोड वातावरण. या पोरांची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाऊन बसावं. उत्साहाची जात एकच आहे.

आता टेबलाच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. माणूस येतो. आधी प्रिंट बघतो, मग स्टिकर उलटसुलट करतो, मग कॉमिक उचलतो. पानं भरभर चाळतो, "वॉव" म्हणतो आणि जागेवर ठेवतो. पन्नास रुपयांचं स्टिकर घेऊन जातो. दोनशे रुपयांचं कॉमिक घ्यायला तो थांबत नाही, कारण त्या कॉमिकमधलं पात्र त्याच्या ओळखीचं नाही. त्याला शेजारच्या टी-शर्टवरचं पात्र ओळखीचं आहे. शिवाय तिकिटाबरोबर एक कॉमिक त्याला दारातच मिळालेलं असतं, त्यामुळे त्या खात्यातलं पुण्य त्याने आधीच कमावलेलं असतं. दुपारी ठाण्याचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. सईचं कॉमिक त्यांनी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत उभ्याउभ्या बघितलं आणि विचारलं, "हे मराठीत नाहीये का?" कॉमिक इंग्रजीत होतं. गोष्ट सगळी शनिवार पेठेतली, वाडा, पागोळ्या, आजीची फणेरपेटी, आणि बोलणं इंग्रजीत! मी सईकडे बघितलं, सई छताकडे बघत होती.

मोठे स्टॉल कुणाचे होते, तर गेमिंगवाले, सिनेमा-मालिका दाखवणारी मंडळी, टी-शर्टवाले, खेळणीवाले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या हॉलचं दोन दिवसांचं भाडं, एसी, सुरक्षारक्षक, परदेशी पाहुण्यांची विमानं, हे काही स्टिकरांच्या गल्ल्यातून निघत नाही. मोठं कॉन प्रायोजकाच्या पैशावर उभं राहतं आणि प्रायोजक तरुण पोरांच्या गर्दीवर. पुण्यात तरुण पोरांची टंचाई आहे असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी सातला फर्ग्युसन रस्त्यावर स्कूटर लावायला जागा शोधून दाखवावी. तेव्हा पोरांना मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की गर्दीची काळजी करू नका, गर्दी येणार. प्रश्न आहे तो त्या पन्नास प्रतींचा.

पन्नासच का? कारण हिशेबच तसा आहे. बत्तीस पानी रंगीत कॉमिक आणि वर कव्हर धरलं, तर डिजिटल मशीनवर शंभर प्रती काढल्या की एक प्रत एकशेवीसच्या आसपास पडते. तीच हजार प्रतींची ऑर्डर ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा करून छापायच्या मशीनवर, लावली तर पस्तीस-चाळीसला पडेल, पण त्यासाठी चार रंगांच्या प्लेटा, दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), आणि उरलेल्या नऊशे प्रती ठेवायला कुणाच्या तरी आईच्या दिवाणाखालची जागा लागते. म्हणून मुलं पन्नास छापतात, महाग पडतात म्हणून दोनशेला विकतात, दोनशेला आहेत म्हणून खपत नाहीत, आणि खपत नाहीत म्हणून पुढच्या खेपेला चाळीस. गंमत म्हणजे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, स्टिकरवर आहे. सरकारने त्या बिचाऱ्या कॉमिकला एवढी एक सवलत दिलीय, तीही वाया.

त्यात यांचे हट्ट. सईला कॉमिक अमेरिकन मापाचंच हवं होतं, सहा पूर्णांक पाच अष्टमांश बाय सव्वादहा इंच. आपला वीस बाय तीसचा कागद घडी घालून साडेसात बाय दहा होतो, तोही कडा कापायच्या आधी. म्हणजे तिचं पान माझ्या कागदापेक्षा पाव इंच उंच, वर कापायला वेगळी जागा. त्या पाव इंचासाठी मोठा कागद घ्यायचा आणि उरलेल्या पट्ट्या रद्दीत घालायच्या. मी म्हटलं, "बाई गं, पाऊण-एक इंच उंची कमी कर, तुझी आजी त्या चित्रात जरा वाकलेलीच आहे." आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या कॉमिकला मात्र माप क्राउनचं, म्हणजे माझ्या कागदात बसणारं आलं आणि प्रतीमागे चांगले पैसे वाचले. अशा चार गोष्टी कुणीतरी या मुलांना चित्र काढायला बसायच्या आधी सांगायला हव्यात. कॉलेजात रंगसंगती शिकवतात, कागदाचं माप कुणी शिकवत नाही.

या बाबतीत जपान बघण्यासारखं आहे. टोकियोत कॉमिकेट नावाचा मेळा आहे. १९७५ च्या डिसेंबरात तो सुरू झाला तेव्हा कॉमिक काढणाऱ्यांचे ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. आज तो टोकियो बिग साइटच्या अवाढव्य हॉलमध्ये भरतो, हजारो गट टेबलं मांडतात आणि लाखो लोक येतात. तिथे विकली जातात ती मुख्यतः हौशी लोकांनी स्वखर्चाने काढलेली पुस्तकं. चालवणारे स्वयंसेवक. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे अशा छोट्या छपाईवर जगणारे खास छापखाने आहेत. मेळ्याच्या आधी कुठल्या तारखेपर्यंत मजकूर द्यायचा ते त्यांनी जाहीर केलेलं असतं, आणि मेळ्याच्या सकाळी पुस्तकांची खोकी थेट ज्याच्या त्याच्या टेबलाशी पोचलेली असतात. चित्रकाराने मोकळ्या हाताने यायचं, खोकं फोडायचं, विकायला बसायचं. हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एवढे छापखाने, बाइंडर, लॅमिनेशनवाले एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसलेत, आणि आमची पोरं पन्नास प्रती पाठीवर मारून दादरला उतरतात.

सॅन डिएगोचं नाव या वादात रोज निघतं, म्हणून त्याचंही सांगतो. जगातलं सगळ्यात गाजलेलं कॉमिक कॉन तिथलं. १९७० साली यू. एस. ग्रँट नावाच्या हॉटेलात तीन दिवसांत तीनेकशे लोक आले, ही त्याची सुरुवात. १९९१ पासून बंदराकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं आणि आता सव्वा लाखाच्या वर लोक येतात. गावाची वस्ती चौदा लाखांच्या घरात, म्हणजे पुण्यापेक्षा कितीतरी लहान. तरी २०१० च्या सुमारास जागा अपुरी पडायला लागली तेव्हा लॉस एंजेलिस आणि अ‍ॅनाहाइमने "आमच्याकडे या" म्हणून गळ टाकला होता. हॉटेलवाल्यांनी सवलतीच्या दरात जास्त खोल्या कबूल केल्या, आणि जत्रा गावात राहिली. आमच्या आयटीवाल्याला यातून एवढंच दिसतं की पुण्याला बंदर नाही.

जागेचा मुद्दा मात्र खरा आहे. पुण्यात मोठं म्हणावं असं झाकलेलं, एसी, मेट्रोजवळचं प्रदर्शन केंद्र सांगा बघू. मोशीला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्राची जागा आहे, किसानचं कृषी प्रदर्शन तिथेच भरतं. शेतकरी गाड्या करून येतात, त्यांना मोशी चालते. पण स्वारगेटहून मोशी वीसेक किलोमीटर. पाठीला पंख लावलेला मुलगा पीएमपीच्या बसमध्ये कुठल्या दाराने चढणार? चिंचवडला ऑटो क्लस्टरचा हॉल आहे, तो मध्यम कार्यक्रमाला ठीक. कृषी महाविद्यालयाचं मैदान मध्यवर्ती, पण मांडव घाला, वीज आणा, धुळीवर पाणी मारा. गणेश कला क्रीडा मंचाच्या शेजारी आता मेट्रो आलीय, तर ती वास्तू मुळात रंगमंच आणि प्रेक्षागृह. टेबलं मांडायची कुठे, पायऱ्यांवर?

माझं म्हणणं असं की आपण हॉल शोधतोय हेच चुकतंय. मोठी गर्दी मोठ्या हॉलशिवाय सांभाळण्यात पुण्याचा हात धरणारं शहर कुठलं? विसर्जन मिरवणूक कुठल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होते? सवाई गंधर्व १९५३ पासून चालू आहे, रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी मांडवातच. पुणे पुस्तक महोत्सव २०२३ च्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर सुरू झाला, प्रवेश फुकट, आणि लोकांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली. पुणेकर पुस्तकाला पैसे देत नाही हा समज मी तिथे माझ्या डोळ्यांनी मोडलेला पाहिला.

इटलीत लुका नावाचं गाव आहे. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे आपलं एखादं मोठं उपनगर. गावाभोवती जुनी तटबंदी, साधारण चार किलोमीटरची, अजून अखंड. तिथे १९६६ पासून कॉमिकचा मेळा भरतो. मध्यंतरी तो गावाबाहेर गेला होता, २००६ मध्ये परत तटबंदीच्या आत आणला. चौकाचौकात तंबू, जुन्या वाड्यांमध्ये आणि चर्चमध्ये चित्रांची प्रदर्शनं. २०२२ मध्ये तीन लाखांवर तिकिटं विकली गेली. नव्वद हजारांच्या गावात तीन लाख! चौक, वाडे, अरुंद गल्ल्या आणि दुपारी गाडी लावायला जागा नाही, हे वर्णन ऐकून सई म्हणाली, "मामा, हे तर आपलंच गाव."

डोळ्यांपुढे आणून बघा. बालगंधर्वच्या कलादालनात जुन्या मूळ चित्रांचं प्रदर्शन. मंगेश तेंडुलकरांची व्यंगचित्रं बघायला याच दालनात लोक यायचे, त्यामुळे वाट पाठ आहे. फर्ग्युसनच्या मैदानावर टेबलं आणि पोशाखवाल्यांची मिरवणूक. एखाद्या कॉलेजच्या सभागृहात गप्पा. गेमिंगवाल्या प्रायोजकांना वेगळा मांडव, त्यांचा आवाज त्यांच्यापाशी. डेक्कनचं मेट्रो स्टेशन हाताशी, पंखवाला मुलगा डब्यात आडवा मावेल. परवानग्या, पोलीस, लाउडस्पीकरची वेळ, कचरा, हे सगळं निघेल. पण गणपती मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला बोलवा, तो कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे ते झोपेत सांगेल.

फ्रान्समधल्या अँगुलेमचंही नाव घ्यायला हवं. चाळीसेक हजार वस्तीचं गाव, १९७४ पासून कॉमिकचा महोत्सव, वर्षाला दोन लाखांच्या आसपास माणसं. रस्त्यांच्या पाट्यासुद्धा कॉमिकमधल्या बोलण्याच्या फुग्याच्या आकाराच्या. एवढं करूनही २०२६ चा महोत्सव रद्द करावा लागला, कारण आयोजक कंपनीच्या कारभारावर चिडून चित्रकार आणि प्रकाशकांनी बहिष्कार टाकला. पैसा होता, परंपरा होती, गाव पाठीशी होतं. चित्रकार उठून गेले आणि दुकान बंद. म्हणून मी पोरांना सांगतो की प्रायोजक शोधा, जरूर शोधा, पण टेबलवाल्यांची समिती आधी करा. टेबलाचं भाडं किती हे टेबलावर बसणाऱ्यांना विचारून ठरू दे. एका कार्यक्रमात, नाव घेत नाही, सईच्या टेबलाला विजेचा प्लग मागितला तर त्याचे वेगळे पैसे लावले होते, आणि प्लग लागला संध्याकाळी.

आता त्या ठाण्याच्या गृहस्थांकडे येतो, कारण माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय. मराठीत नवं कॉमिक कुठे आहे? पुण्याचा या धंद्याशी संबंध नाही असं नाही. हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या नागराजला १९८६ साली पहिलं रूप देणारे प्रताप मुळीक पुण्याचेच. जलरंगातले मिलिंद मुळीक त्यांचे चिरंजीव. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मध्ये आला आणि घराघरात पोचला. शि. द. फडणीसांच्या मुखपृष्ठांसाठी दिवाळी अंक घेणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणजे चित्र वाचणारा मराठी माणूस आहे, भरपूर आहे. त्याच्या पुढ्यात आपण शनिवार पेठेतली आजी इंग्रजीत बोलताना ठेवतो आणि मग म्हणतो मार्केट नाही.

सईचं उत्तर असं की मराठीत काढलं तर हैदराबादेत कोण घेणार. बरोबर आहे. पण हैदराबादेत इंग्रजीतलंही फारसं कुणी घेत नव्हतं, मग निदान ठाण्यात तरी विकू. फुग्यांतली अक्षरं बदलायला काळी प्लेट तेवढी बदलावी लागते, बाकी तीन रंग तेच राहतात. पाचशे इंग्रजी आणि पाचशे मराठी अशा छापल्या तर ऑफसेटचा भाव मिळतो. फक्त एक अट, अक्षरं शुद्ध काळ्यात हवीत, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नकोत. हे मी बाकावर बसून खडूने फरशीवर काढून दाखवलं, तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

तर माझं मत. पुणे मोठं कॉमिक कॉन उद्यासुद्धा भरवू शकेल. दोन दिवस गर्दी होईल, फोटो निघतील, टी-शर्ट संपतील. पण दरवर्षी पोसायचं म्हटलं तर अजून नाही. ज्या वर्षी पुण्यातले वीसेक चित्रकार प्रत्येकी पाचशे मराठी प्रती घेऊन बसतील आणि त्यातल्या निम्म्या तरी घरी परत न्याव्या लागणार नाहीत, त्या वर्षी मोठा मांडव घालावा. तोवर लहान भरवू, दर वर्षी भरवू. आयटीवाल्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, आधी मोठं करा, वाचक मागून येईल. असेलही, सिनेमाचं तसंच होतं म्हणे.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. चौघांनी एकाच मापाची, एकाच पानसंख्येची कामं एकत्र आणली तर मी ती एकाच कागदावर, एकाच वेळी ऑफसेटला लावून देईन, प्लेटांचा खर्च चौघांत वाटून. खोकी मेळ्याच्या सकाळी टेबलापाशी पोचवायची जबाबदारी माझी, पुण्यात असेल तर टेम्पोभाडंही नको. तीन गडी जमलेत, चौथा हवाय. कव्हरला २५० जीएसएम (कागदाच्या जाडीचं वजन), आत ९० चा मॅपलिथो कागद, पानं चाराच्या पटीत. फाइल सीएमवायके (छपाईचे चार रंग) करून आणा, आरजीबी (स्क्रीनचे रंग) आणून मग "स्क्रीनवर तर निळा होता" म्हणू नका, आणि चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडा.